गाडी भरली

"आजच्या दिवसापुरती तू माझी कुणी नाहीस," मावशी म्हणाली आणि टोपीवर इस्त्री फिरवू लागली. टोपीला इस्त्री कोण करतं? माझी मावशी करते. एवढ्यावरून ओळखा, तिचा त्या नोकरीत किती जीव अडकला होता ते.

"मग मी तुला काय म्हणू?"

"मॅडम. आणि 'तुला' नाही, 'तुम्हाला'."

"मॅडम, तुम्हाला मॅडम म्हणताना मला हसू फुटलं तर?"

"भोंग्या, मस्करी नाही हं. आज नाही."

भोंगा म्हणजे मी. जन्मले तेव्हा असा काही सूर लावला होता म्हणे, की शेजारच्या वॉर्डातल्या नर्सा धावत आल्या. मधली काही वर्षं भोंगा बंद पडला होता, शाळेत मी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. पण यंदा बाईंनी बळेबळे वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं आणि मी पहिली आले! तेही माइक बिघडलेला असताना! मागच्या भिंतीला टेकून डुलक्या काढणारे शिपाईकाका दचकून जागे झाले. तेव्हापासून मी जी बोलत सुटलेय ती सुटलेच आहे. या पराक्रमाबद्दल मावशीने मला तिच्या टूरवर न्यायचं कबूल केलं होतं.

तिची टूर म्हणजे पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन हिंडणाऱ्या लोकांची एक दिवसाची बस. सकाळी निघायचं, तळं बघायचं, डोंगरावरचा सुळका बघायचा, संध्याकाळी परत. मावशी तिथे गाइड होती, पण उमेदवारीवर. आज उमेदवारीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी ड्रायव्हर हो म्हणाला तर नोकरी पक्की, नाही म्हणाला तर टोपी काढून ठेवायची आणि घरी. ड्रायव्हर का? तर तो मालकाचा मेहुणा. आणि नियम असा, की गाइडचं कुणी नातेवाईक गाडीत दिसता कामा नये. आधीच्या गाइडने म्हणे सासरचं अख्खं वऱ्हाड फिरवून आणलं होतं, तेव्हापासून.

"दुसऱ्या कुठल्या दिवशी ने की तिला," आई डबा भरता भरता म्हणाली.

"दुसरा दिवस असेल कशावरून?" मावशी म्हणाली.

"तेही खरंच. तुझी नोकरी म्हणजे पाहुणी. आली आली म्हणेपर्यंत निघते."

मावशीने इस्त्री टोपीवर जरा जोरात दाबली. बोलणार काय? कपड्यांचं दुकान झालं, दातांच्या डॉक्टरांचं रिसेप्शन झालं, ब्यूटी पार्लर झालं. तिचे कपडे माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, तिची घडीची कॉट माझ्या खोलीत, आणि रोज सकाळी चहाबरोबर आईचा एक टोमणा. ही नोकरी पक्की झाली की ती स्वतःची खोली घेणार होती. पडद्यांचं कापडसुद्धा पसंत करून ठेवलं होतं, पिवळं, त्यावर पांढरी फुलपाखरं. मला तिने दुकानाच्या काचेतून दाखवलं होतं.

तर आम्ही घरातून वेगवेगळ्या निघालो. ती रस्त्याच्या या बाजूने, मी त्या बाजूने. मी मुद्दाम एका खांबाआड थांबून गुप्तहेरासारखी तिच्याकडे बघितलं. तिने बघून न बघितल्यासारखं केलं. इतकी भारी ॲक्टिंग! मला वाटलं, वा, दिवस मस्त जाणार.

डेपोच्या फाटकात ड्रायव्हर काच पुसत उभा होता. आडवा माणूस, मान नसलेला, डोकं डायरेक्ट खांद्यांवर बसवलेलं. त्याला ड्रायव्हर म्हटलेलं खपायचं नाही. कॅप्टन म्हणायचं.

"बूट झटका. चप्पल झटका. ही गाडी आहे, शेत नाही." तो प्रत्येकाला म्हणत होता. पायऱ्या चढायला काठी घेतलेल्या एका जाड्या काकूंना म्हणाला, "काठीचं वेगळं तिकीट काढलंत का?"

काकू हसल्या. तो हसला नाही. त्याने काठी काढून घेतली आणि खाली सामानाच्या कप्प्यात टाकली. काकू दांड्याला लोंबकळत कशाबशा चढल्या आणि पहिल्याच सीटवर बसल्या.

"गाइडबाई," तो मावशीला म्हणाला, "सांगा यांना नियम."

मावशीने माइक घेतला. तिचा आवाज घरी कुकरच्या शिट्टीलाही मागे टाकतो, पण इथे नुसता चिरका. "नमस्कार मंडळी. कुठेही थांबलो की परत निघताना कॅप्टन दोन हॉर्न देतील. दुसऱ्या हॉर्ननंतर मी गाडीत बघीन आणि—"

"आणा इकडे." त्याने माइक ओढलाच. "ऐका. माझी गाडी कुणासाठी थांबत नाही. आईसाठी नाही, बायकोसाठी नाही. मी मागे वळून बघत नाही, ते काम हिचं. ही म्हणणार 'गाडी भरली', की मी निघणार. कुणी राहिलं तर ते हिच्या जिवावर राहिलं. कळलं?"

मागे बघत नाही म्हणाला खरं, पण त्याच्या डोक्यावर वेगळा एक लांबलचक आरसा लावलेला होता. त्यात अख्खी गाडी दिसायची. आणि आम्हा सगळ्यांना त्याचे डोळे.

मी मधल्या रांगेत खिडकीशी बसले होते. शेजारी दाढीवाला एक जण, त्याच्या बॅगेला चमचा, मग, टॉर्च, काय काय लटकवलेलं, हलला की भांड्यांच्या दुकानासारखा वाजायचा. गाडी शहराबाहेर पडली आणि मला राहवेना.

"मॅडम!" मी हात वर केला. "तुमचं मागे नीट ऐकू येत नाही हो!"

आरशातून नाही, समोरून मावशीने माझ्याकडे असं बघितलं की दूध नासावं. "मोठ्याने बोलते हं," ती म्हणाली.

"आणि मॅडम, हा डोंगर किती जुना आहे?"

"खूप."

"अंदाजे?"

दाढीवाला खिदळला. माझी कॉलर ताठ. मावशी ओठ चावत होती, हसू दाबायला की राग दाबायला कळेना. दोन्ही असणार. आम्हा दोघींचं घरी असंच चालतं.

घाट सुरू झाला तशी तिने संत्री वाटायला घेतली. वळणांनी मळमळू नये म्हणून त्या गाडीत प्रत्येकाला एकेक संत्रं देतात. आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं इथूनच झालं. मला दात आले तेव्हापासून मी संत्र्याच्या बिया मावशीच्या हातात थुंकते. मला बिया गिळायची भीती वाटायची, पोटात झाड उगवेल म्हणून, आणि ती हात पुढे करायची. ती सवय राहिलीच. टीव्ही बघताना, पत्ते खेळताना, भांडण चालू असतानासुद्धा. तिचा तळवा माझ्या हनुवटीखाली येतो, मी फुर्र करते, ती बिया कुठेतरी टाकते, दोघींपैकी कुणाचंही लक्ष नसतं.

मावशी रिकामी टोपली घेऊन परत पुढे चालली होती. माझा गाल फुगलेला. ती माझ्या सीटपाशी आली, पलीकडच्या माणसाशी बोलत, आणि तिचा हात आला. माझ्या हनुवटीखाली. आणि मी फुर्र केलं.

तीन पावलं पुढे गेल्यावर तिला कळलं. तिची पाठ एकदम ताठ झाली, मुठीत बिया. मी आरशाकडे बघितलं.

डोळे माझ्याकडेच होते. मग ते बारीक झाले, म्हणजे खाली तोंड हसत असणार. आणि कॅप्टन शीळ घालायला लागला.

मी उरलेली फोड हातातच धरून बसले. पण तो काहीच बोलला नाही. पुढच्या वळणावर नाही, त्याच्या पुढच्याही नाही. म्हटलं, सुटलो. त्याला वाटलं असेल की सेवा आहे, संत्र्यांबरोबर येते.

तळ्यापाशी उतरलो. पाणी एवढं स्वच्छ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. मी फोटो काढले, काकूंना काठी काढून दिली, आणि हॉर्न वाजल्यावर त्यांचा हात धरून आणलं. त्यांना आधी चढवलं, मग मी चढले. म्हणजे शेवटची मी.

"गाइडबाई," कॅप्टन म्हणाला, "ही निळ्या जॅकेटवाली शेवटची आली. समज द्या तिला. माइकवर."

"वेळेत आहे ती, कॅप्टन. दुसरा हॉर्न अजून—"

"द्या म्हटलं ना समज? का ओळख आहे?"

मावशीने माइक उचलला. "निळ्या जॅकेटवाल्या मुली, उशीर करू नकोस."

"हे काय, लोरी गाता का? म्हणा, आईने काही शिकवलं नाही का घरी."

मावशीच्या मानेवर लाल चट्टे उठले. "तुझ्या आईने," ती म्हणाली, "काही शिकवलं नाही का घरी?"

आता खरं सांगू? मला हसू आलं. माझी आई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण! घरी गेल्यावर हे आईला कसं सांगायचं, कुठे थांबायचं, कुणाचा आवाज कसा काढायचा, मी मनात जुळवायलासुद्धा लागले. मी मान खाली घालून, "सॉरी मॅडम, आई जरा बिनकामाचीच आहे," म्हणाले. गाडी हसली. कॅप्टनही हसला. मावशी हसली नाही.

डोंगर चढताना दाढीवाल्याला घाट लागला. संत्र्याचा काही उपयोग झाला नाही. सगळं आमच्या सीटच्या मध्ये, माझ्या बुटांवर.

गाडी बाजूला लागली. कॅप्टनने मागे न बघता बादली मावशीच्या हातात दिली. मावशी फडकं घेऊन वाकली.

"तुम्ही नाही," तो म्हणाला. "तुम्ही गाइड. तिला द्या. तिच्या पायाशी आहे ना?"

"अहो, मी करतो की, माझंच आहे," दाढीवाला पांढराफटक होऊन म्हणाला.

"तुम्ही आजारी. बसा. गाइडबाई, द्या."

मावशीने बादली माझ्यासमोर ठेवली. मी तिच्याकडे बघितलं, ती खिडकीकडे. मी पुसायला लागले. वास असा की माझंही बाहेर येईल. सीटच्या खाली, लोखंडी पट्टीच्या फटीत, सगळीकडे.

"कोपऱ्यात राहिलं," कॅप्टन आरशातून म्हणाला.

"कोपऱ्यात राहिलं," मावशी म्हणाली.

आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, ती पुढे म्हणाली, "घरी कधी फडकं हातात घेतलेलं दिसत नाही."

गाडी पुन्हा हसली. दाढीवाला सोडून सगळी. तिचा आवाज चिरका नव्हता आता, छान मोकळा लागला होता, मागच्या सीटपर्यंत पोचणारा. कॅप्टनने स्टिअरिंगवर टाळी मारली, "आत्ता कसं! असा गाइड पाहिजे!" आणि मावशीने टोपी सारखी केली. मी खाली बसून बघत होते ना, मला तिचा चेहरा खालून दिसला. तिला बरं वाटलं होतं.

त्यानंतर मी प्रश्न विचारले नाहीत. ती मात्र बोलत सुटली. सुळक्याची गोष्ट सांगितली, विनोद केले, एक विनोद माझ्यावर. निळ्या जॅकेटला वास येतोय, खिडक्या उघडा म्हणून. कॅप्टन कधीच खिडक्या उघडू देत नाही, पण तेव्हा म्हणाला, उघडा.

सुळक्यापाशी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. गाडी थांबते ती जागा डोंगराच्या पोटात, गार सावलीत. तिथून दगडी पायऱ्या वर जातात, वर एक चहाची टपरी आणि कठड्यापलीकडे तो सुळका. मी वर गेले नाही. गाडीच्या चाकाशी बसून बूट नळाखाली धुतले. सगळे बघून खाली यायला लागले तेव्हा कॅप्टन माझ्यापाशी आला.

"ए निळी. माझा थर्मास राहिला टपरीत. पळ, घेऊन ये."

"मी का?"

"गाइडबाई, ही विचारते मी का."

मावशी दारात उभी होती. "जा," ती म्हणाली. मग जरा हळू, "पटकन जा."

मी निघाले. पायऱ्या काय होत्या, गुडघ्याएवढ्या एकेक. टपरीवाल्या बाईने फडताळातून थर्मास काढून दिला, म्हणाली, "हा मघाशी वर येऊन का ठेवून गेला कोण जाणे." त्याच क्षणी खाली पहिला हॉर्न वाजला.

मी धावले. शप्पथ, शाळेच्या शर्यतीत नाही धावले अशी. अर्ध्यावर होते तेव्हा दुसरा हॉर्न. शेवटच्या वळणावर आले आणि गाडी समोर दिसली, दार उघडं, इंजिन चालू. दारात पायरीवर मावशी, गळ्यात शिट्टी. ती माझ्याकडेच बघत होती. मध्ये काहीच नव्हतं, झाड नाही, माणूस नाही. तिने हात वर केला असता तर मी तिच्या बांगडीचा रंग सांगितला असता.

"काय गाइडबाई?" आतून कॅप्टन. "भरली का?"

आता माझ्याकडे भोंगा होता, लक्षात घ्या. मी नुसतं "मावशी!" असं ओरडले असते तर डोंगर दुमदुमला असता. गाडीतल्या प्रत्येकाला कळलं असतं आणि तिला थांबावंच लागलं असतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. मला पिवळे पडदे आठवले. मी तो गिळला आणि ओरडले, "मॅडम! थांबा मॅडम! आले!"

"अहो, ती पोरगी येतेय!" काठीवाल्या काकू खिडकीतून. "थांबवा की!"

"मला काय सांगता? गाइडला विचारा."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग आत वळली.

"गाडी भरली," ती म्हणाली.

माइकशिवाय. मला स्पष्ट ऐकू आलं.

दार बंद झालं. गाडी गेली. काकूंचा हात बराच वेळ काचेवर आपटताना दिसत होता. माझी बॅग गाडीत, फोन बॅगेत. हातात थर्मास आणि पायात ओले बूट. मी काही रडले वगैरे नाही. रडले थोडी. मग टपरीवाल्या बाईने दूध पोचवून खाली परतणाऱ्या टेम्पोत मला बसवून दिलं, रिकाम्या कॅनच्या मध्ये. घाटभर ते कॅन माझ्या गुडघ्यांवर आपटत होते, आणि मी मावशीच्या बाजूने सबबी तयार करत होते. दिसले नसेन. ऐकू आलं नसेल. पुढच्या वळणावर थांबून राहिली असेल. वक्तृत्वात पहिली आलेय मी, सबबी चांगल्या होत्या. प्रत्येक वळणावर मी कॅनवर चढून पुढे बघत होते.

डेपोत पोचले तेव्हा दिवे लागले होते. फाटकातून मला आधी पाठ दिसली, नवीन कोऱ्या गडद जॅकेटची पाठ, कंपनीचं नाव लिहिलेली. तसली जॅकेटं पक्क्या माणसांनाच मिळतात. ती वळली. मावशी.

"आली बघ तुझी भाची," कॅप्टन टायरवर पाण्याचा पाइप मारत म्हणाला. सकाळची गाइडबाई तेवढ्यात 'तू' झाली होती.

मावशीचं तोंड उघडं राहिलं. म्हणजे तिलाही तो हे आत्ताच सांगत होता.

"कोण भाची?" ती तरीही म्हणाली.

"अगं पुरे. माझ्या बायकोच्या हातात मी कधी बिया थुंकलो नाही, आणि पॅसेंजर तुझ्या हातात थुंकतो? संत्र्याच्या वेळीच कळलं. मालकांना तिथल्या तिथे फोन लावणार होतो. मग म्हटलं, बघू तरी, बाईत दम आहे का." पाइप बंद करून त्याने माझ्या हातातून थर्मास घेतला, झाकण काढून उलटा धरला. थेंबसुद्धा पडला नाही. "रिकामाच होता. उद्या सकाळी वेळेवर ये. जॅकेटला इस्त्री करू नकोस, वितळतं."

तो आत गेला. मावशीने माझी बॅग पुढे केली.

"अगं, मी टॅक्सी पाठवणारच होते तुझ्यासाठी. आत्ता निघणारच होते."

"तू बघितलंस ना मला?"

"ऊन होतं गं डोळ्यावर. काही दिसेना."

मी वर सांगितलंय, ती जागा सावलीत आहे. ते मी तिला सांगितलं नाही. घरी येईपर्यंत आम्ही एकाच बाजूने चाललो.

आईने केक आणून ठेवला होता. जॅकेट बघून तिने मावशीला मिठी मारली, जी ती वाढदिवसालासुद्धा मारत नाही. "मिळवलीस हो शेवटी! आणि तू गं, एवढी गप्प का? दमलीस?" मावशी पडद्यांबद्दल बोलत होती, फार भराभरा. आमचं जेवण झालं. आईने संत्री कापून मध्ये ठेवली. मी दोन फोडी तोंडात टाकल्या.

मावशी आईशी बोलत होती, खोलीला खिडकी एकच आहे पण मोठी आहे वगैरे. बोलता बोलता तिचा हात आला. माझ्या हनुवटीखाली. नव्या जॅकेटची बाही अजून अंगात, तळवा वर.

मी फोडी चावल्या. बिया जिभेवर गोळा केल्या, आणि गिळल्या. सगळ्या. तिला घशाची हालचाल दिसेल अशा.

"नको मॅडम," मी म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

आई खो खो हसली. "अजून चालूच का तुमचं नाटक?"

मावशीचा हात तसाच राहिला होता, रिकामा. ती तो मागेही घेईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आईला वाटलं आनंदाने. मी आणखी एक फोड घेतली, बियांची बघून.